फोटोला लाइक येतात, माणसं येत नाहीत!

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी होतात. मी फोटो काढून ग्रुपवर टाकतो, लोकं अंगठा देतात आणि संपलं. मदतीला कोणी येत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : अहो, नुसतं सुंदर कासव दाखवलंत तर लोकं सुंदर म्हणून पुढे सरकणारच, त्यांचा काय दोष! बागेश्रीचं बघा ना, २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला या ऑलिव्ह रिडले जातीच्या मादी कासवाला सॅटेलाइट टॅग (ती कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) लावला आणि बाई जी निघाली ती श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात, मग आमच्याकडे चहाच्या वेळी रोज एकच, बागेश्री कुठे पोचली? नाव आणि प्रवास मिळाला की जीव गुंततो.

तुम्ही एकाच घरट्याची गोष्ट सांगा. अंडी घालायला आलेल्या मादीचा वाळूतला तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग, मग दीड-दोन महिने वाट बघणं, मग घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर खाली वळवळणारी पिल्लं. टोपली उचलणाऱ्या काकांचाही फोटो हवाच, हे बरेच जण विसरतात. आणि खाली नेमकं काम लिहा, उद्या सहाला या, किनाऱ्याकडचा दिवा बंद ठेवा. फ्लॅश मात्र अजिबात नको हं, उजेडाने पिल्लं भलतीकडेच जातात.