फिशटँकमधला माझा बेडूक मेल्यासारखा तरंगत राहतो आणि परवा स्वतःचीच कातडी खाताना दिसला. तो आजारी आहे का?

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी नाही वाटत. पण घाबरलात यात नवल नाही. माझ्याकडे पहिला आफ्रिकन ड्वॉर्फ फ्रॉग, म्हणजे फिशटँकमध्ये पाळतात तो बुटका बेडूक, आला त्याच आठवड्यात तो चारी पाय फाकवून पाण्यावर पडलेला दिसला. गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत मी खड्डासुद्धा करून ठेवला. जाळी पाण्यात घातली मात्र, स्वारी तळाशी पसार!

हे बेडूक जन्मभर पाण्यात राहतात, पण मोठे झाल्यावर त्यांना कल्ले नसतात. श्वासासाठी वर यावंच लागतं. त्यामुळे कधीकधी नाकपुड्या पाण्याबाहेर काढून, एक पाय एखाद्या पानावर टेकवून ते नुसते पडून राहतात. आमच्या घरी याला समाधी म्हणतात. तुम्ही एवढंच बघा, त्याला हवं तेव्हा खाली जाता येतंय का? बोट जवळ नेल्यावर सूर मारून तळाशी बसला तर काळजी नको. पण पाय मारमारूनही बुचासारखा वर येत असेल, पोट फुग्यासारखं टम्म झालं असेल, तर शरीरात पाणी किंवा हवा साठलीय. मग वेळ घालवू नका, माशा-कासवांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा. कुणी सुईनं पाणी काढायला सांगितलं तर ऐकू नका.

कातडीचं म्हणाल तर तो कात टाकतोय. साप टाकतो तशीच, फक्त हा ती वाया घालवत नाही. आधी रंग फिकट, राखाडी होतो, मग अंगावरून जाळीदार पापुद्रा सुटतो आणि तो हातांनी ओढून ओढून तोंडात कोंबतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बुरशी समजून औषध आणायला निघाले होते. बुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी एका जागी चिकटून वाढते. कात एक-दोन दिवसांत नाहीशी होते. मात्र सारखीच कात टाकत असेल तर पाणी तपासा.

पाण्यावरून आठवलं. एकदा घाईत मी नळाचं पाणी थेट टँकमध्ये ओतलं. बेडूक वेड्यासारखा काचेवर धडका मारू लागला. त्यांची त्वचा पातळ असते, क्लोरीन लगेच बाधतो. पाणी बदलताना अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचेच, आणि सगळं पाणी एकदम बदलायचं नाही.

रात्री फ्रीजच्या मोटरसारखी बारीक गुणगुण ऐकू आली तर तो नर आहे, मादीला बोलावतोय. दोन बेडूक असतील आणि एकानं दुसऱ्याची कंबर तासन् तास धरून ठेवली तर ती मारामारी नव्हे, सोडवायला जाऊ नका.

खरी काळजी खाण्याची. याला जीभ नसते, नजरही कमजोर. वासावर शोधत, हातांनी तोंडात ढकलत खातो; तोवर मासे सगळं फस्त करतात. तरंगणारे दाणे तर त्याच्या गावीही नसतात. फ्रोजन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) वितळवून चिमट्यानं नाकासमोर धरा. सलग काही दिवस तेही नाकारलं, किंवा मांड्या-पोट लाल दिसू लागलं, तर तो खरंच आजारी आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. पुढच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा आहे का? असेल तर हाच ड्वॉर्फ, तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. पाणी २४ ते २७ अंश ठेवा. बोटं सुटी असतील, विशेषतः बेडूक पांढरा असेल, तर तो नखांचा आफ्रिकन बेडूक असणार. तो तळहाताएवढा होतो, थोडं थंड पाणी मागतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. कंटाळून विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. चिली, कॅलिफोर्निया आणि फ्रान्समध्ये तो असाच माणसांमुळे पसरलाय. बोटं बघून खाली कळवा, म्हणजे टँकच्या आकाराबद्दल सांगता येईल.