गाडीचा फ्युएल ट्रिम (ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो आकडा) +२२ टक्के दाखवतोय, गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला म्हणतात. बदलू का?

लगेच नको. +२२ म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिश्रणात पेट्रोल कमी वाटतंय, म्हणून तो ते वाढवतोय. सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो. आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर आधी इनटेकची (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची) गळती शोधा. गाडी खानापूर-चोर्लासारख्या हादऱ्यांच्या घाटरस्त्यावर रोज धावत असेल तर एअर फिल्टरपुढचा रबरी पाइप हाताने वाकवून बघाच. चीर घडीत लपते, वरून दिसत नाही. रेस दिल्यावर ट्रिम वाढला तर पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर तपासा.

साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर हलतं. गळती नसूनही ते सुस्त असेल, तरच बदला. इंजिन कोमट असताना २२ एमएम सॉकेटने काढा. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला नाही.