टोमॅटोवरील मर आणि पेंडीचा उपयोग

प्रश्न : टोमॅटोची झाडे फुलावर येताच मर लागून वाळतात. जमिनीत निंबोळी पेंड घातल्यास रोग आटोक्यात येईल का?

उत्तर : आधी मर कोणती, ते ओळखावे. मलूल झाडाचे खोड जमिनीलगत कापून तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून धरावा; काही मिनिटांत कापातून दुधट धागे खाली उतरू लागले, तर मर जिवाणूजन्य समजावी. तेथे पेंडीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा काही वर्षे न घेणेच बरे. धागे न दिसता खोडात तपकिरी रेषा आढळल्या, तर बुरशीचा संशय घ्यावा. अशा जमिनीत पूर्ण कुजलेल्या शेणखतावर वाढवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लागवडीपूर्वी मिसळावी. निंबोळी पेंडीचा खरा लाभ मुळांना जखमा करून बुरशीला वाट देणाऱ्या सूत्रकृमींना (जमिनीतील धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना) आवर घालण्यात आहे. मोहरीचे हिरवे पीक फुलावर असताना बारीक चिरून लगेच गाडले व पाणी दिले, तर त्यातून सुटणारा उग्र वायू रोगकारक बुरशीला दाबतो; मात्र तो कोवळ्या मुळांनाही भाजतो, म्हणून दोन-तीन आठवडे थांबूनच लागवड करावी.