डिझेल लोकोत गियरबॉक्स का नसतो?

प्रश्न: मित्रांत वाद झालाय. मी म्हटलं, सगळ्याच डिझेल लोकोत इंजिन चाकं फिरवतच नाही, ते फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटरी फिरवतात. तर सगळे हसले, म्हणे ट्रकसारखा गियरबॉक्स टाकला असता की, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? आणि ते थ्री फेज एसी मोटर प्रकरण काय आहे तेही सांगा.

उत्तर: तुमचं बरंचसं बरोबर आहे, पण मित्रांचा प्रश्नही वेडा नाहीये. इंजिनातून शंभर भाग ताकद निघाली तर जनरेटर, केबल, मोटर असं करत चाकापर्यंत साधारण ऐंशी-पंच्याऐंशीच पोचते. हा तोटा जाणूनबुजून सोसलेला आहे.

का, तर डिझेल इंजिन उभं असताना ओढू शकत नाही, आधी ते स्वतः फिरत असावं लागतं. ट्रकमध्ये क्लच थोडा घासला की भागतं, पण हजारो टनांची मालगाडी जागची हलवायची तर क्लच घासणार तरी किती वेळ, त्याचा कोळसाच होईल. थेट जोडूनही बघितलंय लोकांनी. 1912 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीच्या एका लोकोत इंजिन सरळ चाकांना जोडलं होतं, म्हणजे आधी सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गाडी हलवायची आणि वेग आला की मग डिझेल चालू करायचं. नाही टिकलं ते.

डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या) सिरीज मोटरचा स्वभाव बरोबर उलटा. ती थांबलेली असते तेव्हा बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतःच तयार करते तो विजेचा उलटा दाब) शून्य, त्यामुळे करंट भरपूर घेते, आणि फील्ड (चुंबक बनवणारी गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) दोन्हींतून तोच करंट जात असल्याने करंट दुप्पट झाला की टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ चौपट (लोखंडाचं चुंबकत्व पुरतं भरेपर्यंत हं). वेग वाढला की करंट आपोआप उतरतो आणि ओढही. या मोटरी ट्राममध्ये आधीच मुरलेल्या होत्या. फ्रँक स्प्रेगने 1888 मध्ये अमेरिकेत रिचमंडच्या ट्राममध्ये मोटरची एक बाजू ॲक्सलवर (चाकांच्या दांड्यावर) टेकवून दुसरी स्प्रिंगवर लटकवली, तीच पद्धत डिझेल लोकोत आली.

मग अडलं कुठे? माझ्या मते खरी गोम कंट्रोलमध्ये होती आणि त्यासाठी ज्याचं नाव घ्यायला हवं त्या हर्मन लेम्पला कुणी विचारत नाही. सुरुवातीच्या गाड्यांत ड्रायव्हरने इंजिनाचा वेग एका हाताने आणि जनरेटरचं फील्ड दुसऱ्या हाताने सांभाळायचं, जरा चुकलं, जनरेटरने जास्त मागितलं की इंजिन गुदमरून बंद. जनरल इलेक्ट्रिकमध्ये लेम्पने दोन्ही एका हँडलवर आणलं, इंजिन झेपेल तेवढंच जनरेटर मागणार अशी सोय केली. 1925 मध्ये अमेरिकेत असा 300 हॉर्सपॉवरचा शंटर (यार्डात डबे हलवणारा छोटा लोको) विकला गेला, तो 1957 पर्यंत राबला! 1939 मध्ये ईएमडी या अमेरिकन कंपनीचा एफटी हा डिझेल लोको मालगाड्या ओढून दाखवत देशभर फिरला आणि वाफेचे दिवस भरले.

आता थ्री फेज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, तीन तारांत पाठोपाठ येणारी वीज. डीसी मोटरचं दुखणं म्हणजे कम्युटेटर (फिरत्या भागाला वीज पोचवणारी तांब्याची कडी) आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश: झीज, धूळ, कधी फ्लॅशओव्हर (ठिणगीचा भडका). शिवाय चढावर हळूहळू जास्त वेळ ओढत राहिलं की वाइंडिंग तापतं. चाक घसरलं तर सिरीज मोटर अजूनच जोरात पळत सुटते. थ्री फेजवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरला ब्रशच नाहीत, चाक घसरून वेग जरा वाढला की तिचा टॉर्क पटकन पडतो, म्हणून पकड चांगली राहते. पण तिला वेगानुसार विजेची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलून द्यावी लागते, आणि तेवढी ताकद पेलणारे इन्व्हर्टर (डीसीची हवी तशी एसी करणारी यंत्रं) यायला सत्तरचं दशक उजाडलं. मोटर एकोणिसाव्या शतकातली, खोळंबा इन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा.

आणि हो, मित्रांपुढे "सगळ्याच डिझेल लोकोत" म्हणू नका हं. जर्मनीच्या व्ही 200 या डिझेल लोकोत ताकद टॉर्क कन्व्हर्टरच्या (तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे देणाऱ्या यंत्रणेच्या) तेलातून चाकांकडे जायची, मोटर-बिटर काही नाही. कुणीतरी तेवढंच धरून बसेल.