शाखा चौतीस, लाईन दोन एमबीची

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि हाताखाली एक मुलगा. जिल्ह्यात ३४ शाखा, २१० काँप्युटर. अपडेट, नवी सॉफ्टवेअरं, कुठे काय बसवलंय त्याची यादी हे सगळं आता साताऱ्यात बसून करायचं ठरलंय. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर हे सॉफ्टवेअर घेतलंय. साहेबांना महिन्याभरात सगळ्या शाखा हव्यात. मोठ्या गावांत फायबर आहे, बाकी बहुतेक ठिकाणी २ एमबीपीएसची लाईन, चार शाखा मोबाईलच्या डोंगलवर. प्रत्येक शाखेत सर्व्हर ठेवावा, की कराडला एक ठेवून पाटण, ढेबेवाडी त्यावर जोडावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चौतीस सर्व्हर मुळीच नकोत. ते बघायला तुम्ही दोघेच.

कराडचं लाईनचा नकाशा काढून ठरवा. पाटणला कराड जवळ, हे एसटीला ठाऊक असतं, तुमच्या लाईनला नसतं. सगळ्या शाखांच्या लाईनी साताऱ्यात येऊन मिळत असतील, तर पाटणची मागणी आधी साताऱ्याला येणार, तिथून कराडला जाणार, आणि फाईल त्याच वाटेने उलटी येणार. पाटणच्या काँप्युटरवरून कराडला ट्रेसरूट मारून बघा, मागणी कुठून कुठून जाते ते त्यात दिसतं. मध्ये साताऱ्याचा पत्ता दिसला की कराडचा बेत सोडा.

आता २ एमबीपीएसचा हिशेब. ४ जीबीचं पॅकेज, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या फाईलींचा गठ्ठा, त्या लाईनवरून उतरायला, बाकी काही चालू नसेल तरी, साडेचार तास लागतात. शाखेतल्या ९ काँप्युटरनी आपापलं ओढलं तर चाळीस तास. तोवर काउंटरवर पासबुक घेऊन उभ्या असलेल्यांना तुम्हीच तोंड द्या! म्हणून एकाने रात्री ओढायचं आणि बाकीच्यांनी शाखेतल्या शाखेत त्याच्याकडून घ्यायचं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधल्या पीअर कॅश या सोयीने ते होतं. नाहीतर शाखेतला एखादा धडधाकट काँप्युटरच डिस्ट्रिब्युशन पॉइंट, म्हणजे बाकीच्यांना फाईल वाटणारा, करा. साध्या विंडोजवरही तो बसतो, आणि कोणत्या तासाला किती लाईन वापरायची तेही त्याला आखून देता येतं.

मात्र कोणता काँप्युटर कुठल्या शाखेतला हे सर्व्हरला आयपीवरूनच, म्हणजे त्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरूनच, कळतं. राउटर आला तसा लावलेला असला की दोन शाखांत तीच १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची रांग सापडते. ती आधी निस्तरा. कंटाळवाणं काम आहे, आठवडा जाईल, जाऊ द्या.

रात्रीचं म्हटलं म्हणून सांगते. जावळीकडच्या एका शाखेत आमचं पॅकेज तीन रात्री शून्य टक्क्यावर. लाईन तपासली, सर्व्हर तपासला, शेवटी गाडी काढून गेले. संध्याकाळी शिपाईमामांनी खिडक्या लावल्या, देव्हाऱ्यातलं निरांजन विझलंय का पाहिलं, आणि जाताजाता मेन स्विच खाली ओढला. शॉर्टसर्किटच्या भीतीने वर्षानुवर्षं ओढत होते, आणि त्यांचं चूक नव्हतंच. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून राउटर आणि एका काँप्युटरची वायर वेगळ्या स्विचवर घेतली. तुम्ही शाखेत फोन कराल तेव्हा मॅनेजरआधी शिपायाला विचारा.

महिन्याभरात होणार नाही, हे साहेबांना आत्ताच सांगा. आधी मुख्य कार्यालय, मग ज्याच्याशी तुमचं जमतं अशा मॅनेजरची एक शाखा, मग चार, मग उरलेल्या. १९ जुलै २०२४ ला एकाच सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज काँप्युटर आडवे झाले होते, तो दाखला साहेबांपुढे ठेवा. पाटण, जावळी, महाबळेश्वर जूनच्या आत उरका, नाहीतर सरळ दसऱ्यानंतर. त्या पावसात वीज टिकली तर लाईन टिकत नाही. माण-खटावला पावसाचा प्रश्न नाही, तिथे शाखेच्या गावचा बाजाराचा दिवस तेवढा टाळा. आणि मार्चमध्ये कुठेच हात लावू नका.

राहिल्या डोंगलच्या चार शाखा. तिथे लाईनवरून मोठं पॅकेज पाठवूच नका. शाखेतल्या काँप्युटरला डिस्ट्रिब्युशन पॉइंट करायचं, पॅकेज साताऱ्यातच प्रीस्टेज करून, म्हणजे आधीच एका फाईलीत बांधून, डिस्कवर घ्यायचं आणि तिथे नेऊन उतरवायचं. पुढे लाईनवरून फक्त निरोप जातो, फाईल नाही. डिस्कमध्ये सभासदांचं काही नसतं, त्यामुळे वसुलीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत दिलीत तरी चालेल.