"नक्की काय हवंय तेच सांगत नाहीत": एका टेक्निकल रायटरची केस

"मॅडम, मी वाईट लिहिते असं कोणी म्हणत नाही, चांगलं लिहिते असंही म्हणत नाही, आणि नक्की काय पाहिजे ते तर विचारूच नका."

हे गाऱ्हाणं मी बऱ्याच जणांकडून ऐकते, टेक्निकल रायटर मंडळींकडून (म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणाऱ्यांकडून) जरा जास्तच, म्हणून ही केस लिहितेय (तिला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून).

टीममध्ये ही एकटीच रायटर, यूजर गाइड, रिलीज नोट्स, एपीआय रेफरन्स (डेव्हलपर लोकांसाठीची संदर्भाची पानं) सगळं हिच्याच गळ्यात. ॲडमिन गाइडवर मॅनेजरची कमेंट आली, "जरा क्रिस्प करा." हिने रात्री जागून कापाकापी केली, तर पुढच्या रिव्ह्यूत "डिटेल्स कमी वाटतायत". वर अप्रेझलमध्ये "ओनरशिप वाढवायला हवी". कशाची ओनरशिप, विचारलं तर म्हणे प्रोॲक्टिव्ह राहा! झोप उडालेली, सुट्टी संपत आली की पोटात गोळा, आणि साधा मेल लिहितानाही आता हात थबकायला लागलेला.

आधी तिला सांगितलं की हा तुझा हळवेपणा नाही. मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्येच यावर अभ्यास मांडला होता, आपल्याकडून काय अपेक्षा आहे हेच धड माहीत नसलं की ताण वाढतो, कामातलं समाधान जातं आणि स्वतःवरचा भरवसाही कमी होतो. त्यांनी आणखी एक गोष्ट वेगळी काढली होती, अपेक्षा स्पष्ट असतात पण दोन जणांच्या एकमेकांच्या विरुद्ध असतात ती. म्हणून मी विचारलं, क्रिस्प करा हे मुळात कोणाचं म्हणणं आणि डिटेल्स कमी हे कोणाचं? तिने पुढच्या वेळी शोधून आणलं. पहिलं प्रॉडक्ट मॅनेजरचं, दुसरं सपोर्टच्या हेडचं, आणि हिचा मॅनेजर दोन्ही नुसतं पुढे ढकलत होता. म्हणजे भांडण त्या दोघांचं आणि कापाकापी हिने करायची!

मग मी सहज विचारलं, डेव्हलपर नीट माहिती देत नाहीत तेव्हा तू काय करतेस? एकदम खुलली. म्हणाली, "त्यांना मोकळा प्रश्न विचारला की उत्तरच येत नाही हो, मग मला समजलंय तसं चुकीचं का होईना लिहून पाठवते, ते बघून लगेच दुरुस्त करतात, चूक बघवत नाही त्यांना."

"मग मॅनेजरला असा ड्राफ्ट कधी पाठवलास?"

गप्प. दिवसभर इंजिनिअर लोकांना खोदून खोदून विचारणारी बाई साहेबासमोर मात्र "ओके, करते" म्हणून उठत होती. खरं सांगायचं तर बऱ्याच मॅनेजरना आपल्याला काय हवंय ते समोर काही आल्याशिवाय कळतच नाही, त्यात लबाडी असते असं नाही.

आम्ही बसून तिचा मेल तयार केला. साधारण असा: "ॲडमिन गाइड नव्याने सिस्टीम लावणाऱ्यासाठी लिहितेय, ज्याला डेटाबेस येतो पण आपलं प्रॉडक्ट माहीत नाही. यात इन्स्टॉलेशन, बॅकअप आणि परमिशन्स येतील. एरर कोड्स येणार नाहीत. टेक्निकल तपासणी डेव्हलपर करेल, शेवटचा होकार तुमचा. बुधवारपर्यंत बदल कळवला नाहीत तर असंच पुढे नेते."

उत्तर आलं ते फक्त "येणार नाहीत" या ओळीवर, आणि तासाभरात! काय हवंय ते न सांगणारी माणसं काय गाळलंय त्यावर मात्र पटकन बोलतात, हे मी इतरही केसेसमध्ये पाहिलंय, त्यामुळे ती ओळ कधी सोडायची नाही.

क्रिस्प-डिटेल्सचं कोडं तिनेच सोडवलं. डॅनिएले प्रोसिडा यांच्या डायटॅक्सिस या डॉक्युमेंटेशनच्या मांडणीत काम कसं करायचं ते सांगणारं पान आणि संदर्भासाठीचं पान वेगळं ठेवतात, ते तिला आधीच माहीत होतं. दोन्ही कमेंट्स एकाच मेलमध्ये घालून दोघांनाही पाठवल्या, खाली लिहिलं की पायऱ्यांचं पान छोटं ठेवते आणि सगळे पॅरामीटर रेफरन्समध्ये टाकते, चालेल का? चाललं.

राहिली ओनरशिप. त्यासाठी तिने विचारलं, "पुढच्या सहा महिन्यांत मी काय करताना दिसले तर तुम्ही म्हणाल की हिने ओनरशिप घेतली? एखादं उदाहरण द्या ना." साहेब जरा अडखळले, मग म्हणाले की रिलीज मीटिंगमध्ये कुठले डॉक्स तयार नाहीत ते मला विचारावं लागतं, तू स्वतःहून सांग. बस, एवढंच होतं!

सगळीकडे असं सुरळीत होत नाही. काही जण मेलला उत्तरच देत नाहीत, तोंडी बोलतात. तिथे बोलणं झाल्या झाल्या दोन ओळी लिहून पाठवायच्या, "आपलं असं ठरलं". ठरलेलं बदललं तर काय बदललं आणि त्याने तारीख किती पुढे जाते तेही त्याच मेलखाली लिहायचं. आणि इतकं करूनही अप्रेझलला पुन्हा भलतंच काही निघालं तर ते गोंधळून गेलेत असं समजू नका, तिथे मोघम ठेवणं त्यांच्या सोयीचं आहे, मग ते मेल घेऊन एचआरकडे जा किंवा दुसरीकडे अर्ज करायला लागा, मी तरी तिथे अजून नीट विचारून बघ असं सांगत नाही.