रोज पुसूनही काळ्या गाडीवर जाळ्यासारखे चरे का पडतात? सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी काळी आहे, घेऊन आठ महिने झाले, रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसता, दर रविवारी स्वतः धुता. ‘एवढं करूनही’ उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात, आणि आता सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे गाडीवर वरून आणखी एक पातळ संरक्षक थर देण्याचा, विचार चाललाय.

‘एवढं करूनही’च्या जागी ‘एवढं केल्यामुळेच’ असं वाचा. राग मानू नका, माझ्या पहिल्या काळ्या गाडीची मीही अगदी हीच गत केली होती, आणि तीही प्रेमापोटीच.

आधी एक गंमत करून बघा. रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. जाळंही टॉर्चबरोबर सरकतं. म्हणजे चरे गोल नाहीतच. ते वेड्यावाकड्या, हजार दिशांनी गेलेले आहेत. त्यांतले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त दिसत नाहीत. काळा रंग चहाडखोर असतो.

हे चरे रंगावर नसून त्याच्या वरच्या पारदर्शक थरावर, क्लिअर कोटवर असतात. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा तुमच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ बोटाला पिठासारखी मऊ लागते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. त्यावरून कोरडा फडका फिरवला की तो फडका राहत नाही, पॉलिश पेपर होतो. आठ महिने, रोज सकाळी. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तो फडका बंद. नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाला खात नाही, ती घासल्यावर खाते. चार दिवस गाडी धुळकट दिसली तर दिसू द्या. अपवाद पक्ष्यांची विष्ठा, चिकटलेले किडे आणि झाडाचा चीक. विष्ठा आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर तिचा डाग क्लिअर कोटमध्ये कायमचा उतरू शकतो, तिथे रविवारची वाट बघू नका. पण ती खरवडायचीही नाही. मऊ कापड पाण्यात चिंब करून पाच-दहा मिनिटं वर ठेवायचं, सगळं भिजलं की अलगद उचलून घ्यायचं.

आता रविवारचं धुणं. गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार. हाताची मागची बाजू टेकवून बघा, चटका बसला तर थांबा; तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून डाग पडतात. सुरुवात चाकांपासून करा, कारण ब्रेकची काळी भुकटी सगळ्यात घाण असते. चाकांचा ब्रश, कापड आणि बादली कायमची वेगळी ठेवा. चाकाचं कापड चुकूनही बोनेटवर येता कामा नये.

मग नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली. यात घाई होते, आणि मला वाटतं सगळा खेळ इथेच आहे: जेवढी माती हात न लावता जाईल तेवढे चरे कमी. प्रेशर वॉशर असेल तर नोजल फूटभर तरी लांब धरा; जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे, दारांच्या रबरांवर आणि सेन्सरवर जवळून मारा करू नका.

शाम्पूला दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा लांब धाग्यांचा मिट (गाडी धुवायचा हातमोजा) शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग मिट साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ चाचपून बघा. जी चरचरीत रेती बोटांना लागेल, ती एका बादलीत काम केलं असतं तर पुन्हा गाडीवरच फिरली असती. सपाट स्पंज टाळा, त्याला कण लपवायला जागा नसते. तो त्यांना पत्र्यावर दाबून ओढत नेतो. आधी टप, काचा, बोनेट, मग दारांचा वरचा भाग, आणि बंपर व दारांच्या खालच्या पट्ट्या सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत आणि हलका. मिट जमिनीवर पडला तर त्या दिवशी त्याला सुट्टी, दुसरा काढा.

भांड्यांचा साबण एकदा वापरला म्हणून रंग उडत नाही, पण वर वॅक्स असेल तर ते तो काढून नेतो. कपड्यांची पावडर मात्र नकोच.

पाणी आपोआप वाळू देऊ नका. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहून पांढरे ठिपके बसतात. ताजे असतील तर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, नंतर लगेच स्वच्छ धुवायचं. पुसायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवायचा आणि अलगद ओढायचा. हे टॉवेल घरच्या कपड्यांत टाकू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, धाग्यांवर थर बसून ते पाणी शोषेनासे होतात. कडेचं शिवलेलं लेबलही कापून टाका, तेही चरे पाडतं. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून चार-दोन वेळा हलका ब्रेक मारा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. नाहीतर सकाळी त्यांवर गंजाची नारिंगी झाक दिसते आणि माणूस उगाच घाबरतो.

आतलं फार सांगत नाही. व्हॅक्यूम आणि ओलसर कापड पुरे. डॅशबोर्डवर तेलकट चकाकीचं पॉलिश लावू नका, उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं. काचेवर फिल्म असेल तर अमोनियाचा क्लीनर टाळा.

आता असलेल्या चऱ्यांचं काय? वॅक्स ते काही दिवस झाकतं. पॉलिश ते काढतं, पण कसं, तर आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत तासून. म्हणजे दर पॉलिशला थर थोडा कमी होतो, आणि तो परत वाढत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी ‘रबिंग-पॉलिश करून टाकू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. चऱ्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशने पूर्ण काढण्याच्या नादाला लागूच नका.

मी लागलो होतो. उसनं आणलेलं रोटरी मशिन (एकाच जागी गरगर फिरणाऱ्या पॅडचं पॉलिश मशिन), बोनेटच्या कडेवरचा एक हट्टी चरा, ‘अजून थोडं’ म्हणत फिरवत राहिलो. पांढरा पॅड उचलला तर त्यावर काळा रंग. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर आला याचा अर्थ कोट संपला. कडांवर थर आधीच पातळ असतो आणि तिथे उष्णताही पटकन वाढते, हे मला नंतर कळलं. अख्खं बोनेट रंगवावं लागलं. स्वतः करायचंच असेल तर ड्युअल ॲक्शन मशिन घ्या (याचा पॅड फिरता फिरता डोलतोही, म्हणून ते सौम्य), कडांना मास्किंग टेप लावा आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने एका हातभर जागेवर करून बघा.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतलं 9एच हे पेन्सिलच्या टोकाने ओरखडून बघण्याच्या चाचणीतलं माप आहे, हिऱ्या-माणकांच्या कठीणपणाचं नव्हे. जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थर उडालेला खडा अडवत नाही, आणि रोजचा कोरडा फडकाही. शिवाय आत्ता लावलंत तर जाळं तसंच त्याखाली राहील.

तेव्हा आधी दोन महिने वर सांगितलं तसं धुवा. बोनेटचा एक कोपरा निवडून आज टॉर्चखाली फोटो काढून ठेवा, दोन महिन्यांनी तिथलाच पुन्हा काढा. नवे चरे वाढले नसतील तर एकदाच नीट पॉलिश करून घ्या, आधी क्लिअर कोट किती शिल्लक आहे याचा अंदाज यायला रंगाच्या थराची जाडी मोजायला सांगा, आणि त्यावर कोटिंग खुशाल लावा. वाढले असतील तर ते पैसे तूर्त खिशातच राहू द्या आणि बादलीचा तळ पुन्हा चाचपून बघा.